मांजराचा हेतू

"ते मुद्दाम करते." घरातले मांजर रेतीचा ट्रे सोडून गादीवर, सोफ्यावर किंवा दाराआडच्या चपलांवर मुतू लागले की घरातून पहिले वाक्य उमटते ते हे. त्यामागोमाग पुरवणी येते. आम्ही चार दिवस गावाला गेलो होतो, त्याचा राग काढला. सून घरात आली, तिला जागा दाखवून दिली. पाळणा हलला, मत्सर वाटला. छत्रपती संभाजीनगरातल्या क्रांती चौकाभोवतीच्या वसाहतींत मराठीची मास्तरकी करणारी आमच्यासारखी बरीच मंडळी राहतात, आणि हे वाक्य आम्ही सर्वाधिक वेळा ऐकले ते याच मंडळींकडून. प्रस्तुत लेखाचा रोख त्यांच्यावरच आहे. (लेखात आम्ही 'मुतणे' हेच क्रियापद वापरणार आहोत. 'लघुशंका' हा शब्द सभ्य खरा. पण मांजराला याबाबत कसलीही शंका नसते. असायला हवी ती आपल्याला, आणि तीही लघु नव्हे.)

आमचे म्हणणे एवढेच : मांजराच्या मुतण्यात सूड वाचणे हे निव्वळ भाबडे अज्ञान नाही, ते वाचनाचे अपयश आहे. ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच वाचायला शिकवण्याचा आहे, त्यांच्याकडून ते घडावे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. आणि त्याची किंमत मांजर मोजते, पुष्कळदा जिवाने.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर गेल्या उन्हाळ्यातली हकीकत ऐकावी. आमच्या परिचयातल्या एका सुविद्य कुटुंबाने, ज्यांच्या घरी पुस्तकांनी दोन भिंती भरल्या आहेत, पाच वर्षे सांभाळलेला बोका रेक्झिनच्या पिशवीत घालून क्रांती चौकातल्या उड्डाणपुलाखाली सोडून दिला. कारण काय, तर तो आधी पलंगावर आणि मग बारावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर मुतला. ही गोष्ट स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगितली गेली आणि हशाही पिकला. उत्तरपत्रिकांविषयी त्या बोक्याचे मत बरोबरच होते, असे कोणीतरी म्हणाले. आम्ही एकच प्रश्न विचारला : किती मुतायचा? उत्तर आले, "अहो, थेंब थेंब. दिवसातून वीस वेळा ट्रेत जाऊन बसायचा, ओरडायचा, काही करायचा नाही, आणि मग मुद्दाम गादीवर येऊन दोन थेंब टाकायचा." या वाक्यात त्या बोक्याचे संपूर्ण निदान होते. सांगणाऱ्याने ते शब्दशः सांगितले आणि स्वतः मात्र वाचले नाही. आम्ही सलग दोन संध्याकाळी पुलाखाली शोध घेतला. जालना रोडवरच्या त्या गर्दीत, ऊसाच्या रसाच्या गाड्या आणि रिक्षांच्या रांगा यांमध्ये, तो सापडला नाही.

आता वाचनाविषयी. डब्ल्यू. के. विमसाट आणि मन्रो बिअर्डस्ली यांनी १९४६ साली 'द इंटेन्शनल फॅलसी' हा निबंध लिहिला. लेखकाचा हेतू हा कलाकृतीचा अर्थ ठरवण्याचे प्रमाण होऊ शकत नाही, संहितेकडे पाहा, हे त्याचे सार आम्ही सगळे एम. ए.च्या वर्गात दरसाल सांगतो. कवीला काय म्हणायचे होते असे विद्यार्थ्याने लिहिले की लाल शाईने रेघ मारतो. घरी आल्यावर मात्र ज्या प्राण्याने एक अक्षरही लिहिलेले नाही, त्याचा हेतू आपल्याला चादरीवरच्या डागावरून तत्काळ उमगतो. रस्किनने १८५६ साली जिला पॅथेटिक फॅलसी म्हटले, आणि आपण शाळेपासून चेतनगुणोक्ती या नावाने जिची उदाहरणे पाठ करवतो, ती तरी बरी. तिथे ढगाला रडवणाऱ्या कवीला ठाऊक असते की ढग रडत नाही.

पाश्चात्त्यांची साक्ष नको असेल तर मम्मटाकडे यावे. 'काव्यप्रकाशा'त रसविचार करताना तो बजावतो की एकटा विभाव वा एकटा अनुभाव काहीच सिद्ध करत नाही. वाघ हा भयानकाचा विभाव आहे तसाच वीराचा, अद्भुताचा आणि रौद्राचाही असू शकतो. अश्रू शृंगारात येतात, करुणात येतात, भयानकातही येतात. म्हणून संपूर्ण सामग्री एकत्र पाहावी. वाघाला लागू असलेला नियम वाघाच्या मावशीला लागू करायला हरकत कोणती? गादीवरचा डाग हा एक अनुभाव आहे, आणि तो वेदनेत, भीतीत, वार्धक्यात आणि माजावर आल्यावरही दिसतो. मत्सर आणि सूड हे स्थायी भाव आपण बाहेरून आणून त्याला चिकटवतो.

ते कुठून आणतो, याचे उत्तर आमच्या मते भाषेत आहे. मराठी म्हणींतले मांजर आठवून पाहा. ते डोळे मिटून दूध पिते, उंदराची खोटी साक्ष देते, त्याच्या गळ्यात घंटा बांधावी लागते, आणि नुसते आडवे गेले तरी माणसाचे काम बिघडते. शिंके तुटले की फावते ते बोक्याचेच. चोर, ढोंगी, लबाड, अपशकुनी : इतक्या म्हणींत मांजराचे पोट एकदाही दुखत नाही. कुत्र्याला इमानाचे, बैलाला कष्टाचे, गाईला मायेचे श्रेय देणाऱ्या या भाषेने मांजराला केवळ हेतू दिले, शरीर दिले नाही. त्यातही बोक्याची दशा वाईट. 'बोका' म्हटले की सत्तेवर सुस्तावलेला पुढारी डोळ्यांपुढे येतो. दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेसारखा लाडका अपवाद विरळाच. आणि नेमका हा बोकाच ज्या दुखण्याने तडफडून मरतो, त्या दुखण्याविषयी या लेखाच्या किती वाचकांनी ऐकले असेल?

ते दुखणे असे. मूत्राशयात बारीक स्फटिक, श्लेष्मल गाळ किंवा दोन्ही मिळून गुठळी होते. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, तिच्यातून ते बहुधा निघून जाते. नराची लांब आणि टोकाशी अतिशय अरुंद. तिथे बूच बसते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेत बसतो, कण्हतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि थेंबही येत नाही किंवा एखादा येतो. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजले जाते. पूर्ण अडथळा झाल्यास एकदोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबते. दोनतीन दिवस हीच काय ती मुदत. पशुवैद्य गुंगी देऊन नळी घालतो, अडथळा दूर करतो, सलाइन लावतो. वेळेत नेलेले बहुसंख्य बोके वाचतात. पिशवीत घालून पुलाखाली नेलेला वाचत नाही.

तो बोका गादीवर का आला, हेही आता कळावे. ज्या जागी वारंवार वेदना झाली ती जागा म्हणजे वेदना, असे मांजराच्या मनात जुळते. रेतीचा ट्रे म्हणजे आग, अशी त्याची समजूत होते आणि ते दुसरी, मऊ, शोषून घेणारी जागा शोधते : गादी, कपड्यांचा ढीग, वर्तमानपत्रांची रद्दी, उत्तरपत्रिका. प्राध्यापकाच्या घरात कागदाची कमतरता नसते, यापलीकडे त्यात परीक्षकाचा अपमान नाही.

"पण आमच्या मांजराला खडा नव्हता, डॉक्टरांनी तपासले, आणि आम्ही गावाहून परतलो त्याच दिवशी ते मुतले, मग हा राग नव्हे तर काय?" हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. ना खडा, ना जंतू (तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो), तरीही मूत्राशयाला सूज येते, लघवीतून रक्त जाते. आणि त्याचा संबंध मांजराच्या तणावाशी असतो. त्यांच्या सहकाऱ्यांसह २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की रोजच्या खाण्याच्या, स्वच्छतेच्या, माणसांच्या वेळा विस्कटल्या की संपूर्ण निरोगी मांजरेही खाणे सोडतात, ओकतात आणि ट्रेबाहेर मुततात. म्हणजे घटना तीच, तारीखही तीच : तुम्ही गावाला गेलात, घर बंद झाले, शेजारची मुलगी भलत्या वेळी येऊन वाटीत खाऊ टाकून गेली. त्याने मांजर आजारी पडले. तुम्ही त्याला सूड म्हणालात. आम्हाला यात साहित्याच्या अध्यापनाचा पराभव दिसतो. तारखेचा जुळणारा सांधा घेऊन तिच्यावर कादंबरी रचणे हे आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही.

बरे, हे सगळे मराठवाड्याच्या हवेत घडते. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. त्याला तहान कमी लागते आणि त्याचे मूत्र दाट असते, कारण शिकारीच्या मांसातूनच त्याला पुष्कळ पाणी मिळे. त्याच्या वंशजाला आपण चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत, नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवतो. शेजारी एक वाटी पाणी असते, तेही परवाचे. ज्या शहराने नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येणे वर्षानुवर्षे सोसले, तिथे पाणी शिळेच असायचे, हे मान्य. पण वाट्या दोनतीन ठेवणे, त्या खाण्यापासून लांब ठेवणे, रोज बदलणे आणि दाण्यांऐवजी एक वेळ तरी ओले अन्न देणे याला हंडाभर पाणी लागत नाही. नाथांनी तहानेल्या गाढवाला गंगेची कावड पाजल्याची कथा इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणची. तिच्यावर व्याख्याने देणाऱ्यांच्या घरी मांजराची वाटी कोरडी असू नये, एवढी अपेक्षा फार नव्हे.

ट्रेविषयी थोडक्यात. पूर्वी चुलीची राख, वाळू किंवा अंगणातली माती होती आणि दार उघडे होते. पाश्चात्त्य घरांतही राख-वाळूच असे. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो या माणसाने मातीचे शोषक दाणे विकायला काढले आणि मांजर पूर्णवेळ घरात राहू लागले. आपल्याकडे ही सोय फ्लॅटबरोबर आली, पण तिच्यामागचा विचार आला नाही. लहानसा ट्रे आणायचा, तो वॉशिंग मशीनच्या धडधडाटाशेजारी किंवा थेट जेवणाच्या वाटीलगत ठेवायचा, चार दिवस उपसायचा नाही, आणि वर मांजराला शिस्त नाही म्हणायचे! ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा, निवांत कोपऱ्यात हवा, रोज उपसायला हवा. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. दाण्यांना गुलाबाचा वास नको. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, त्याला उंच काठाचा ट्रे चढवत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहातली स्वच्छतागृहे पाहून नाक दाबून परतलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. बसून, सपाट जागेवर, डबके करून मुतणे वेगळे. आणि उभे राहून, शेपटी थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर मागे फवारा मारणे वेगळे. दुसरा प्रकार खूण करण्याचा आहे. नसबंदी न केलेल्या नराचा तो स्वभाव, आणि नसबंदीनंतर दहापैकी सुमारे नऊ नरांचे फवारणे थांबते किंवा अगदी कमी होते. त्याच्या मूत्रातला उग्र दर्प फेलिनिन नावाच्या द्रव्यापासून येतो. इथे वाटल्यास 'हेतू' म्हणा. मांजराने खरोखरच काही लिहिलेले असते. पण ते दुसऱ्या मांजरासाठी असते, तुमच्यासाठी नव्हे.

आणि शिक्षा. मुतल्या जागी मांजराचे नाक घासणे, चप्पल फेकणे, न्हाणीघरात कोंडणे हे प्रकार सर्रास चालतात आणि अभिमानाने सांगितले जातात. त्यातून मांजर इतकेच शिकते की या माणसासमोर मुतायचे नाही; मग ते कपाटामागे जाते. याहून भयंकर आहे ती सफाई. डाग दिसला की आपण फिनाइल ओततो, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवतो. फिनॉलवर्गीय द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. ते फरशीवरून चालते, मग पंजे चाटते. डांबरगोळीतले नॅप्थलीनही विषच. याच कारणाने, कण्हणाऱ्या मांजराला माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणे म्हणजे त्याला ठार करणे होय. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी आज कागदावर लिहून औषधांच्या डब्याला चिकटवावे. डागासाठी एन्झाइमचे क्लीनर मिळते. ते नसेल तर साबण आणि पाणी पुष्कळ वेळा. वास पूर्ण गेला नाही तर मांजर तिथेच परत येते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. त्यालाही आम्ही सोडणार नाही. मांजराला 'बाळ' म्हणणारे, त्याचे वाढदिवस साजरे करणारे लोक आपण सूडवाद्यांच्या विरुद्ध टोकाला आहोत असे समजतात. आमच्या मते दोघे एकाच बाकावरचे. एकाने मांजरात खलनायक पाहिला, दुसऱ्याने तान्हुले. मांजर कोणीच पाहिले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका गृहसंकुलातल्या सदनिकेचे प्रकरण गाजले. एकाच घरात तीनशेहून अधिक मांजरे असल्याच्या बातम्या आल्या, शेजारी दुर्गंधीने हैराण झाले, महापालिकेने नोटीस दिली. चर्चा दोनच बाजूंनी झाली : शेजाऱ्यांचे नाक आणि मालकिणीची माया. तीनशे मांजरांना तीनशे एक ट्रे लागतात, हा हिशेब आमच्या तरी वाचनात आला नाही. गर्दीत कोंडलेले मांजर तणावाने आजारी पडते, ते ट्रेबाहेर मुतते, म्हणजे ती दुर्गंधी हीच त्या मांजरांची तक्रार होती. आपण जनावरांना 'मुकी' म्हणतो. मुकी कसली? दरवळ साऱ्या जिन्यात पोचला होता.

यावर ठरलेला आक्षेप येईलच : माणसांना प्यायला पाणी नाही, शेतकरी जीव देतो आहे, आणि तुम्ही मांजराच्या मुतण्यावर लेख लिहिता? क्रांती चौकातून माणसांच्या न्यायासाठी किती मोर्चे निघाले हे आम्ही या शहरात राहून पाहिले आहे, काहींत चाललोही आहोत. परंतु हा आक्षेप घेणारे गृहस्थ मांजर पुलाखाली सोडल्यामुळे वाचलेला वेळ शेतकऱ्याला देताना आम्हाला आढळले नाहीत. शिवाय आम्ही कोणाला मांजर पाळा असे सांगत नाही. ज्यांनी पाळले आहे, ज्यांच्या घरात त्याच्या दाण्यांसाठी महिन्याला पैसे निघतात, त्यांच्याशीच हे भांडण आहे.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली. श्रद्धा म्हणून तिची थट्टा करणे सोपे आहे. पण तिने एका जिवाची किंमत सोन्यात लावली होती. त्या आजीच्या पदवीधर नातवंडांनी तीतून पळवाट काढली : मारायचे नाही, सोडायचे. पोत्यात घालायचे, वाट विसरावी म्हणून दोन चौक फिरवायचे, आणि मंडईजवळ, पुलाखाली, "तिथे त्याला खायला मिळेल" असे म्हणत तोंड सुटे करायचे. घरात वाढलेल्या, नलिका तुंबलेल्या बोक्याला मंडईत काय मिळणार? प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा त्याच्या अकराव्या कलमाने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. हा दंड कायद्याच्या पुस्तकात अजून तसाच छापलेला आहे. स्टाफरूममध्ये ती हकीकत सांगितली गेली तेव्हा टेबलावर सहा कप चहा होता. त्याचे बिल याहून अधिक झाले, आणि ते सांगणाऱ्यानेच हसत हसत दिले.